मिलिटरी सायकल हाती लागली तर: खोलण्याआधीपासून पहिल्या फेरीपर्यंत

आर्वी तालुक्यातल्या माझ्या मामाच्या गावी गोठ्याच्या मागच्या भिंतीला एक सायकल वर्षानुवर्षं टेकून होती. दांडीवर तुराट्यांचे भारे, कॅरियरवर फुटका फवारणी पंप. जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा मामी म्हणाली, "ने बाप्पा, तुले पायजे तं. नाही तं भंगारवाला शुक्रवारी येतेच." ओल्या फडक्यानं सीटखालची नळी पुसली, तर मातीच्या थराखालून आकडे वर आले. त्यांच्या शेजारी एक छोटा बाण होता, कोंबडीच्या पायाच्या ठशासारखा, तीन रेघांचा. ब्रिटिश सरकारी मालावर ठोकला जाणारा तो शिक्का.

त्या सायकलीचं माझ्या हातून नुकसान झालं. ती चकाचक व्हावी म्हणून मी फ्रेम एका पावडर कोटिंगच्या दुकानात देऊन आलो. चार दिवसांनी फ्रेम सुंदर दिसत होती, पण रंगाआधी गंज काढायला केलेल्या वाळूच्या माऱ्यात बाण गेला होता आणि जाड रंगाखाली अर्धा नंबर बुजला होता. दुसरी सायकल हिंगणघाटकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरून मिळाली. तिच्यासाठी मी दोन वर्षं घेतली. ती आज चालते आणि तिच्यावरची प्रत्येक खूण जागेवर आहे. खाली जे लिहिलं आहे ते या दोन सायकलींतून शिकलेलं आहे.

लेख दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बनावटीच्या, २८ इंची चाकांच्या, सळीच्या ब्रेकच्या सायकलींबद्दल आहे. आपल्या भागात सापडली तर बहुधा तशीच सापडेल. कामठीची छावणी १८२१ पासूनची, पुलगावचा दारूगोळा डेपो युद्धाच्या काळातला. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल विकला गेला आणि त्यातल्या सायकली पोस्टमन, शिक्षक, जिनिंगमधले चौकीदार, दूधवाले यांच्या हाती फिरत फिरत शेवटी गोठ्यात पोचल्या.

१. आधी ओळख पटवा

सर्वात जास्त फसगत "बीएसए" या तीन अक्षरांनी होते. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी निघालेली कंपनी. तिचं चिन्ह एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं. ब्रिटिश सैन्याची मार्क फाइव्ह ही साधी, दणकट सायकल या कंपनीनं बनवली. पण पुढे हेच नाव आपल्याकडच्या सायकलींवरही आलं. मद्रासला १९४९ साली सुरू झालेल्या टीआय सायकल्सनं बीएसए नावानं लाखो घरांत सायकली पोचवल्या. त्यातली एसएलआर ही ऐंशी-नव्वदच्या दशकात गावोगावी होती. आपल्या सैन्याच्या त्या काळच्या रायफलीलाही एसएलआरच म्हणत. वर रायफलींचा बिल्ला. त्यामुळे पानठेल्यावर कोणीही छातीठोकपणे सांगतो, "मिलिटरीचीच हाय भाऊ, नाव तं वाच!" नाव वाचून पैसे देऊ नका.

मी पाहतो त्या खुणा अशा. पहिली म्हणजे बाण. तो फ्रेमवर असतो, पण क्रँक (पेडल लागतं ती दांडी), हब (चाकाचा मधला तुंबा), सीटची चौकट, हँडलचा खांब अशा ठिकाणीही सापडतो. म्हणून ब्रश आणि टॉर्च घेऊन एकेक भाग तपासा. दुसरी खूण म्हणजे चमक नसणं. युद्धात निकेल-क्रोमची टंचाई होती, त्यामुळे हँडल, क्रँक, रिम एक तर रंगवलेले असत किंवा करड्या, निस्तेज मुलाम्याचे. हँडल झगमगीत क्रोमचं असेल, तर ते नंतर बदललेलं आहे किंवा सायकलच नागरी आहे. तिसरी खूण म्हणजे सर्वात खालचा रंग, त्याचं पुढे सांगतो. काही सायकलींना रायफल अडकवायच्या पकडी असत. त्या बहुतेक वेळा निघून गेलेल्या असतात, पण नळीवर पट्टा आवळल्याचे वळ राहतात.

क्रँकच्या मोठ्या दातेरी चक्राकडे बघा. बीएसएच्या चक्रात तीच तीन अक्षरं कापलेली असतात, रॅलेच्या चक्रात लांब मानेच्या बगळ्यांची डोकी, हंबरच्या चक्रात माणसांच्या छोट्या आकृत्या, रजच्या चक्रात उघडा पंजा. यावरून कंपनी कळते, सायकल लष्करी आहे हे कळत नाही. युद्धाआधी या सगळ्या कंपन्यांच्या नागरी सायकलीही भारतात भरपूर आल्या होत्या. आणि चक्र ही बदलता येणारी गोष्ट आहे.

घडीची सायकल कोणी दाखवली तर जास्त सावध राहा. बीएसएनं १९४२ ते १९४५ या काळात छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली, ६० हजारांहून अधिक. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि कॅनेडियन सैनिक अशा सायकली खांद्यावर घेऊन उतरले. तिच्या नळ्या दुहेरी आणि कमानदार, मध्ये बिजागऱ्या आणि हातानं फिरवायच्या पंखांच्या नट. पेडलसुद्धा नेहमीचं नाही, नुसती आत-बाहेर सरकणारी दांडी. जगभर तिला मोठी मागणी आहे, म्हणून साध्या फ्रेमा कापून, बिजागरी जोडूनही विकल्या जातात. वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा दिसला की तिथेच थांबा.

ओळख पटली नाही आणि सायकल नागरी निघाली तर ती नागरी म्हणूनच दुरुस्त करा. १९४० च्या दशकातली रॅले किंवा हंबर ही स्वतःच मोलाची आहे. तिच्यावर बाण ठोकून, खाकी फासून तिला सैनिक बनवलं की पुढच्या माणसाला खरं काय ते कधीच कळणार नाही. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण अशा बनावट सायकली आता दिसू लागल्या आहेत.

२. कागद करून घ्या

"जुन्या सायकलीचे कसले कागद?" असं विकणाराही म्हणेल आणि तुम्हालाही वाटेल. तरी पुढच्या गोष्टी घ्या:

- साध्या कागदावर पावती: तारीख, किंमत, फ्रेमचा नंबर, देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार.
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत.
- नंबरचा आणि पूर्ण सायकलीचा, हलवण्याआधी जागेवर काढलेला फोटो.
- घरात काही जुनं असेल तर तेही: सायकल कराची पावती, पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला, दुकानाचं बिल, आजोबांचा सायकलीसोबतचा फोटो.

पूर्वी सायकलवर स्थानिक कर असायचा आणि भरला की बिल्ला मिळायचा. तो बिल्ला अनेकदा अजून हँडलच्या खांबाला अडकलेला असतो. काढून फेकू नका. त्यावर वर्ष असेल तर ती सायकल त्या वर्षी त्या गावात होती याचा तो पुरावा आहे.

भंगारातून घेत असाल तर एक धोका आहे. डेपोच्या किंवा गोळीबार मैदानाच्या आसपासच्या गावांत भंगारवाल्याकडे पितळी, लोखंडी अनोळखी नळकांडी येतात. सायकलचा पार्ट शोधताना त्यांना हात लावू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. २०१८ साली पुलगावजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा माणसं गेली. पार्ट मिळतील म्हणून लष्करी हद्दीच्या कुंपणाजवळ फिरणंही टाळा. तिथला माल रीतसर लिलावातूनच बाहेर येतो आणि घेणाऱ्याकडे त्याचा कागद असतो.

३. पाना उचलण्याआधी

घरी आणल्यावर आठ दिवस तिला काहीच करू नका. फक्त बघा, फोटो काढा. दोन्ही बाजू, वरून, खालून, प्रत्येक नट-बोल्ट, ब्रेकच्या सळ्या कुठून कुठे जातात ते. मोबाइलमध्ये शंभर-दीडशे फोटो झाले तर ते जास्त नाहीत. सळीच्या ब्रेकला लहान लहान खिट्ट्या, कड्या, स्क्रू असतात आणि त्यांची जागा सहा महिन्यांनी आठवत नाही.

नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. फोटोत न दिसणारा अर्धवट आकडाही त्यात उमटतो. हा कागद पावतीसोबत ठेवा.

साहित्य फार लागत नाही: पान्यांचा संच (जुन्या ब्रिटिश नट मिलिमीटरच्या पान्यात नीट बसत नाहीत, म्हणून इंची मापाचे आणि एक चांगला ॲडजस्टेबल), पातळ कोन पाने (हबमधले छर्रे दाबून धरणारे 'कोन' फिरवायला), किलोभराची हातोडी, एक जाड लोखंडी पाइपाचा तुकडा, स्पोक की, चेन तोडायचं हत्यार, पितळी आणि नायलॉनचे ब्रश, डिझेल, ग्रीस, गंज सोडवणारं तेल, पॉलिश पेपर, हातमोजे, चांगला मास्क. आणि झाकणाचे वीस-पंचवीस डबे. श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: "पुढचा हब, डावी बाजू". सगळे छर्रे एकाच वाटीत टाकणारा माणूस पुढे रडतो.

४. खोलणं

पुढचं चाक, मागचं चाक, चेन, हँडल, मग क्रँक असा क्रम ठेवा. दोन ठिकाणी सर्वात जास्त मोडतोड होते.

पहिलं ठिकाण कॉटर पिन. क्रँकला एक्सलवर अडकवणारी ती तिरकी पिन ऐंशी वर्षांच्या गंजानं जाम झालेली असते. नट काढून छोट्या हातोडीनं ठोकत बसलात तर पिनेचं तोंड फुलासारखं पसरतं आणि ती कधीच निघत नाही. त्याऐवजी दोन रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. नट काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकीच सैल करा. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याभोवती लोखंडी पाइप असा टेकवा की त्याचा भार जमिनीवर जाईल. मग जड हातोडीचा एकच पक्का घाव. पाइप टेकवला नाही तर तो घाव आतल्या छर्ऱ्यांवर आणि ते ज्यात फिरतात त्या कपांवर पडतो. तरीही नाही निघाली तर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात जा. त्यांच्याकडच्या मोठ्या शिकंज्यात ती शांतपणे दाबून निघते.

दुसरं ठिकाण उलटे आटे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. तसंच क्रँकच्या एक्सलचा चेनकडचा कप. तोही उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेनं सुटणारा. बाजारातला नवखा पोरगा पाइप लावून उलटीकडे जोर देतो आणि आटे सोलून निघतात. चेनकडचा कप आतून गुळगुळीत असेल तर तो काढूच नका. जागेवरच डिझेलनं धुवा, टॉर्च लावून बघा, पुसा. पुष्कळ जण केवळ पूर्ण खोलल्याचं समाधान मिळावं म्हणून तो काढतात आणि मग फ्रेमच खराब करून बसतात.

छर्रे काढताना मोजा आणि लिहा. साधारणपणे क्रँकच्या एक्सलला दर बाजूला पाव इंची ११, मागच्या हबला पाव इंची ९, पुढच्या हबला ³⁄₁₆ इंची १० असतात. तुमच्यात वेगळे निघाले तर तुमचे खरे माना.

५. गंज काढणं

आधी ठरवा: या भागावर मूळ रंग आहे का? असेल तर ॲसिड नाही, वायर ब्रश नाही, वाळूचा मारा अजिबात नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. चिकणमातीचे थर भिजवून काढा, खरवडून नाही. आपली काळी माती मडगार्डच्या आत सिमेंटसारखी बसते आणि तिच्याखाली ओल धरून ठेवते, पण कधी कधी त्याच मातीखाली मूळ खाकी जसाच्या तसा सापडतो.

उघड्या लोखंडाच्या भागांसाठी मी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतो. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या टबात भाग बुडवायचा, दर दोन तासांनी बघायचा, ब्रश मारायचा. गंज सुटला की लगेच बाहेर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खंगाळा, उन्हात वाळवा आणि त्याच तासात तेल लावा. रात्रभर विसरलात तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. सीटच्या स्प्रिंगा आणि चेन ॲसिडात घालू नका. कडक केलेलं पोलाद त्यानं ठिसूळ होतं. करड्या मुलाम्याचे भागही घालू नका. तो मुलामा बहुधा कॅडमियमचा असतो. तो ॲसिडात जातो आणि घासला तर त्याची धूळ विषारी असते. त्यावर फक्त तेलाचं फडकं.

जुन्या रंगात शिसं असतं. म्हणून रंग घासायचा झाला तर पाणी लावूनच घासा, कोरडा नाही. मास्क लावा. ज्या अंगणात डाळ वाळते, कुरड्या घालतात, पोरं खेळतात, तिथे हे काम करू नका. घासलेलं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

नळ्यांच्या आतला गंज दिसत नाही, पण फ्रेम तिथूनच कुजते. यावर आपल्याकडचा उत्तम उपाय म्हणजे जवसाचं तेल. घाण्यावरचं तेल क्रँकच्या एक्सलच्या भोकातून नळ्यांत ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, मग टांगून दिवसभर निथळू द्या. जवसाचं तेल सुकून आत पातळ थर धरतं. त्याला महिनाभर लागतो, घाई करू नका.

पण हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना स्वतःच तापतं आणि चुरगळलेलं फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. आपल्या घरांत दिवाळीनंतर एका खोलीत कापूस भरलेला असतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा.

६. सुटे भाग: आधी तालुका, मग नागपूर, मग जग

इथे लोक सर्वात लवकर निराश होतात, आणि आपण विदर्भात आहोत म्हणून निराश होण्याचं खरं तर कारण नाही. या सायकलींची मापं आपल्या साध्या काळ्या रोडस्टरनं जशीच्या तशी उचलली. सोनीपत, लुधियाना, मद्रास इथल्या कारखान्यांनी पुढे जी दूधवाल्याची सायकल बनवली, ती त्याच ब्रिटिश सायकलीची लेक. २८ × १½ चं चाक, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, ½ × ⅛ इंची चेन, सळीचे ब्रेक हे सगळं अजून कोणत्याही तालुक्याच्या सायकल स्टोअर्समध्ये मागता येतं. इंग्लंडमधल्या माणसाला जो टायर शोधावा लागतो, तो आपल्याकडे आठवडी बाजाराच्या गावात टांगलेला असतो.

मलायाच्या (आजच्या पश्चिम मलेशियाच्या) मोहिमेत हेच घडलं होतं. डिसेंबर १९४१ मध्ये उतरलेलं जपानी सैन्य सायकलींवरून दक्षिणेकडे सरकलं आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्यांच्यासमोर लढणाऱ्यांत आपले भारतीय जवान मोठ्या संख्येनं होते. जपानी सायकली त्या मुलखात आधीपासून विकल्या जात, म्हणून मोडलेल्या सायकलीला लागणारे भाग त्यांना वाटेतल्या गावांतच मिळत. टायर फाटले की ते नुसत्या रिमवर चालवत आणि रात्री तो खडखडाट रणगाड्यांसारखा वाटे. सुटा भाग जवळ मिळणं ही सायकलीची खरी ताकद आहे.

दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. झिजणारे भाग, म्हणजे टायर, ट्यूब, चेन, छर्रे, ब्रेकचे रबर, कॉटर पिन, स्पोक, हे नवे भारतीय घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. सैन्यातही ते बदललेच असते. पण फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा), क्रँक, दातेरी चक्र, हब, हँडल, सीटची चौकट, मडगार्डच्या काड्या हे मूळ असतील तर वाकलेले, गंजलेले असले तरी ठेवा. वाकलेला भाग सरळ होतो, फेकलेला परत येत नाही.

मूळ भाग शोधायची माझी पद्धत:

तालुक्यातल्या सर्वात म्हाताऱ्या सायकल मिस्त्रीकडे जा. दुकान बंद असेल तर घरी जा. पार्टची यादी घेऊन नाही, तुटका पार्ट हातात घेऊन. आर्वीतल्या एका चाचांनी माझ्या हातातली ब्रेकची कडी बघितली, काही न बोलता माळ्यावर चढले आणि तेलकट पोत्यातून तशाच तीन कड्या काढून दिल्या. पैसे घेईनात. "कायले पैसे? इतकी वर्सं कोनी मांगितलीच नाही," म्हणाले. पूर्वी भाड्यानं सायकली देणारी दुकानं होती. त्यांच्या मागच्या खोल्यांत अजून फ्रेमा पडलेल्या आहेत. जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातले चौकीदार, पोस्टातून निवृत्त झालेली मंडळी, शाळेचे जुने शिपाई यांना विचारा. दर वेळी चहाला वेळ काढा. पहिल्या भेटीत वस्तू मागितली तर "नाही" येतं, तिसऱ्या भेटीत स्वतःहून निघते.

मग नागपूर. इतवारी-गांधीबागेकडच्या घाऊक बाजारात जुन्या दुकानदारांना विचारा आणि पार्ट सोबतच न्या. "मिलिटरी सायकलसाठी पायजे" हे वाक्य तोंडून काढू नका, भाव दुप्पट होतो. "जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलचा" एवढंच पुरे.

घेताना इथे फसाल:

टायर ऑनलाइन मागवताना "२८ इंच" एवढंच पाहू नका. टायरच्या कडेवर ६३५ हा आकडा हवा. ६२२ चा टायरही २८ इंची म्हणूनच विकला जातो आणि तो तुमच्या रिमवर बसणार नाही.

क्रँक एक्सलचे कप बदलायचे असतील तर आटे मोजा. बीएसए पद्धतीत इंचाला २४, रॅलेच्या स्वतःच्या पद्धतीत २६. हाताला सारखेच वाटतात, दोन फेरे आतही जातात आणि मग फ्रेमचे आटे कापतात. हातानं सहज तीन-चार फेरे बसला नाही तर पान्यानं बसवू नका.

बाण ठोकलेला सुटा पार्ट महागात कोणी दिला तर बाणाच्या कडा बघा. जुना ठसा गंजात आणि मुलाम्याखाली असतो. गंज घासून मग ठोकलेला ठसा आतून चमकतो.

परदेशातून मागवणं शेवटी. तिकडे नव्यानं बनवलेले हुबेहूब भाग मिळतात: पंखांच्या नट, रायफलच्या पकडी, बिल्ले. त्यावर सीमाशुल्क लागतं आणि कुरिअरवाला ओळखपत्र मागतो, म्हणून पूर्ण खर्च आधी विचारा. वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे. जुना मूळ पार्ट "भेटवस्तू" असं लिहून मागवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पार्सल अडकलं की पार्टही जातो आणि पैसेही.

सीटबद्दल थोडं. मूळ कातडी सीट सुकून लाकडासारखी झाली असली तरी तिला तेलात भिजवू नका. जवस, खोबरेल, मोबिल, काहीच नाही. तेल प्यायलेलं कातडं सैल होतं आणि बसल्यावर झोळीसारखं लोंबतं. कातड्याचं मेणासारखं मलम बोटानं थोडं थोडं, खालच्या बाजूनं, आठवड्यातून एकदा. फाटली असेल तर चांगल्या चांभारकाकांकडून आतून अस्तर लावून घ्या, रिवेट मात्र जुनेच ठेवायला सांगा. चालवायला दुसरी सीट लावा आणि मूळ कपाटात ठेवा, असंही करता येतं. मी तेच करतो.

७. रंग

मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी नवा रंग देऊ नका. साफ करा, उघडं लोखंड तेवढं झाका, थांबा. हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मामाच्या गोठ्यातल्या सायकलीवरचा बाण आज असता.

खालचा रंग शोधायचा असेल तर क्रँकच्या एक्सलच्या नळीखाली, सीटच्या पट्ट्याखाली, बिल्ल्याच्या मागे बघा. तिथे ऊन, हात, ब्रश पोचलेले नसतात. मग आडजागी रुपयाएवढा भाग बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून हलकेच घासत न्या. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडी दिसू लागतात. गुरुजींच्या सायकलीवर सर्वात वर बैलगाडीला लावतात तो निळा ऑइल पेंट होता, त्याखाली काळा, त्याखाली दुसरा काळा आणि तळाशी हिरवट खाकी.

ब्रिटिश लष्करी गाड्यांचा क्रम साधारण असा होता: युद्धाच्या सुरुवातीला हिरवट खाकी, १९४२ पासून तपकिरी, १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब. हा क्रम माहीत असावा, पण रंग ठरवताना तुमच्या सायकलीच्या तळच्या थरावरच विश्वास ठेवा. त्या कड्यावर थोडं पाणी लावून ओला रंग बघा, उन्हात फोटो काढा आणि रंगाच्या दुकानात सायकलच घेऊन जा. मोबाइलच्या पडद्यावरून रंग जुळवू नका. चकाकी नको, मॅट हवा.

पावडर कोटिंग टाळा. हातानं किंवा साध्या स्प्रेनं इनॅमल लावा. नंबर आणि बाणावर पातळच थर द्या. रंगाचं काम सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या गार दिवसांत करा. मे महिन्यात ४५ अंशांत रंग ब्रशवरच सुकतो आणि वावटळीची धूळ त्यात बसते. पावसाळ्यात तो आठ-आठ दिवस चिकट राहतो.

८. जोडणी

खोललं त्याच्या उलट क्रमानं. प्रत्येक आट्याला थोडं ग्रीस. छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवा, कोन इतका आवळा की चाक अडकणार नाही आणि हलवल्यावर कटकट करणार नाही.

कॉटर पिना दोन्ही बाजूंना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात. एकीची नट वर तर दुसरीची खाली. तसं केलं नाही तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडतो. नव्या पिनेचा सपाट भाग कानशीनं थोडा थोडा घासून जुळवावा लागतो. दोन्ही पिना सारख्या घासा, हातोडीनं बसवा आणि मगच नट आवळा. नुसती नट आवळून पिन ओढून घ्यायची नसते, त्यानं तिचे आटे जातात.

चाकाचे स्पोक जुने ठेवायचे असतील तर प्रत्येक निपलवर (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटेवर) तेलाचा थेंब सोडून दुसऱ्या दिवशी फिरवा. चाकं सरळ करायचं काम मात्र मी अजूनही मिस्त्रीकडेच देतो. त्यांच्या हातातली ती समज पुस्तकात मिळत नाही, आणि या निमित्तानं त्यांच्या दुकानात बसायला मिळतं.

सळीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्पोककडून वर दाबतात. दोन्ही रबर एकाच वेळी टेकले पाहिजेत. नवं रबर रंगवलेल्या रिमवर सुरुवातीला घसरतं, हे लक्षात ठेवून पहिले काही दिवस वेग बेताचा ठेवा. ओल्या रिमवर तर हे ब्रेक फारच उशिरा धरतात.

९. पहिली फेरी

पहाटे निघा, सपाट रस्त्यावर, घरापासून दोन किलोमीटरच्या आत. खिशात पाना, कॉटरची नट आणि पंक्चरचं सामान. परत आल्यावर दोन्ही कॉटर पिना हातोडीनं हलकेच ठोकून नट पुन्हा आवळा. दहा किलोमीटरनंतर पुन्हा, तीस किलोमीटरनंतर पुन्हा. पिन पहिल्या तीस किलोमीटरांत बसते. सैल पिनेवर चालवत राहिलात तर ती क्रँकचं भोक अंडाकृती करते, आणि असा मूळ क्रँक दुसरा मिळवायला मला चौदा महिने लागले.